गिनती पुरी होईपर्यंत

पनवेलच्या एस.टी. स्टँडमागे एक पिठाची गिरणी होती आणि तिच्या माडीवर आमची खोली. आम्ही म्हणजे निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या कारणांसाठी सरकारने आत टाकलेली आणि मग सोडून दिलेली माणसं. दारावर मंडळाच्या नावाची पाटी होती, रीतसर नोंदणीही होती, पण ते लांबलचक नाव आमच्यापैकी कुणाच्याच तोंडात बसलं नाही. सगळे त्या खोलीला 'बराक' म्हणत. खाली गिरणी चालू असली की जमीन थरथरायची आणि फळ्यांच्या फटींतून वर आलेलं पीठ सतरंजीवर बसायचं. बैठक संपवून घरी निघालो की सगळ्यांची बुडं पांढरी. गावात आमची ओळख त्यावरूनच पटायची.

मी शाळेत मास्तरीण. आणीबाणीत सत्याग्रह केला म्हणून पुण्याच्या तुरुंगात, बायकांच्या बराकीत राहून आले. सुटले तेव्हा हार, ताशे, पेढे, सगळं झालं. खांद्यावर घेऊन नाचवायचं तेवढं लोकांनी बाकी ठेवलं. पण दुकानदाराने 'कोणता साबण देऊ' म्हणून विचारलं की जीभ का अडखळते, हे हार घालणाऱ्यांपैकी कुणी सांगितलं नव्हतं. ते ओळखलं शिंपीचाचांनी. चाचा स्टँडजवळ कपडे शिवायचे आणि त्याच काळात नाशिकला आत होते. सुटल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी मी मुलीचा फ्रॉक शिवायला टाकायला त्यांच्या दुकानी गेले आणि दारात उभीच राहिले. दार उघडं होतं. अडवायला नुसता पडदा. तरी मी आपली उभी, कुणीतरी 'चल आत' म्हणेल याची वाट बघत. चाचांनी मशीन थांबवलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, आप भी? या, या. इथे कुणी पुकारा करत नाही, आपणच यायचं असतं." मी तिथे पोट धरून हसले आणि घरी जाऊन रडले.

मंडळ निघालं ते बऱ्याच वर्षांनी, ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा. जमिनीच्या आंदोलनात धरलेली आसपासच्या गावांतली माणसं सुटून येत होती आणि त्यांच्यासाठी ना हार होते ना ताशे. त्यांतली एक विचुंब्याची मावशी. शेतात घुसलेल्या यंत्रासमोर आडवी पडली म्हणून तिला नेलं होतं. हिचं तोंड एकदा सुरू झालं की खालची गिरणी बंद आहे की चालू हे कळायचं नाही. नवीन पनवेलच्या ज्या सेक्टरात माझं छोटंसं घर झालं होतं, तिथली जमीन कुणाची होती हे ती माझ्याच घरी, माझाच चहा पिताना, मला दर खेपेला ऐकवायची. "तुजा फ्लॅट जिथं हाय ना मास्तरीण, तिथं माजा बापूस भात लावायचा. तू चिखलावर झोपतं, ध्यानात ठेव."

काम म्हणाल तर सरळसाधं होतं. सुटलेल्याचं नाव रेशनकार्डावर परत चढवायचं, पोराला शाळेत घालायचं, 'केस सुटली' असं मालकाला पटवून माणूस पुन्हा कामावर लावायचा, राहिलेल्या तारखांना आमच्या वकिलाला उभं करायचं. वकीलही आत जाऊन आलेलाच, नाहीतर आमच्याकडे काय करत होता! पण या सगळ्याआधी आमचा एक रिवाज होता. माणूस सुटायचा त्या दिवशी आमच्यातलं कुणीतरी तुरुंगाच्या दाराशी जायचं आणि त्याला थेट हॉटेलात न्यायचं. तिथे विचारायचं, "काय खाणार?" सगळे एकच उत्तर देत: "द्याल ते." तर ते चालायचं नाही. तो स्वतःच्या तोंडाने पदार्थाचं नाव घेईपर्यंत काही मागवायचं नाही, अर्धा दिवस लागला तरी बसून राहायचं. वेटर चिडायचे, मालक डोळे वटारायचा. आम्ही पाणी पीत बसायचो. आत एवढे दिवस ताटात पडेल ते खाल्लेल्या माणसाला स्वतःची भूक पुन्हा सापडायला वेळ लागतो, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

ठाकूर सुटला तेव्हा त्याला आणायला मीच गेले होते. मी त्याला ठाकूर म्हणते, कारण तो गाढी नदीच्या उगमाकडच्या डोंगरातला ठाकूर आदिवासी होता आणि त्याचं नाव इथे सांगायचं नाही असं मी ठरवलं आहे. उंच, काटक, बोलायला कमी. डोंगराच्या उतारावर त्याची दळी होती. दळी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या खणून, दगड वेचून, नाचणी-वरीसाठी तयार केलेला तुकडा. कागदावर डोंगर जंगलखात्याचा होता. एका पावसाळ्याच्या तोंडाशी खात्याच्या माणसांनी त्याच्या वाडीची रोपं उपटली, वाडी आडवी आली, मारामारी झाली आणि सगळ्यांवर गुन्हे दाखल झाले. ठाकूर सगळ्यांच्या पुढे होता म्हणून सर्वांत जास्त आत राहिला. पुढे कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. हॉटेलात तो माझ्यासमोर मान खाली घालून पुष्कळ वेळ बसला आणि शेवटी म्हणाला, "तिखट. कायपन दे, पन तिखट दे." मिसळ आली. नाका-डोळ्यांतून पाणी गाळत त्याने ती संपवली, रस्सा पुन्हा मागून घेतला आणि म्हणाला, "आता सुटलू."

त्याच्यावरूनच आमच्यात फूट पडली. मंडळातल्या काही मंडळींना तो नको होता. त्यांचं म्हणणं, आम्ही तत्त्वासाठी आत गेलो, हा जंगल तोडून आत गेला. याला राजकीय कैदी कसं म्हणायचं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "तुम्हाला धरलं तेव्हा सरकारने लिहिलं होतं की तुमच्यापासून देशाला धोका आहे. ते तुम्ही खोटं म्हणालात आणि लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवला. आता याच्याबद्दल सरकारने लिहिलं ते मात्र तुम्हाला वेदवाक्य?" एक जण उठून गेला, त्याच्यामागे आणखी चार. चप्पल घालताना एकाने मला ऐकवलं की मी मंडळाची अब्रू घालवते आहे. घालवते तर घालवते. चाचा शांतपणे म्हणाले, "चला, सतरंजीवर जागा झाली."

सेक्टरात तर निराळीच तऱ्हा. माझ्या शेजारच्या बाई मोठ्या प्रेमळ. कुणी पाहुणे आले की मला दाखवायच्या, "या आमच्या शेजारीण, आणीबाणीत तुरुंगात होत्या बरं का!" जशी काही मी परदेशातून आणलेली इस्त्री. पण ठाकूर आणि त्याची बायको एकदा माझ्याकडे जेवायला आली, तर दुसऱ्या दिवशी जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "वहिनी, तुमची गोष्ट वेगळी हो. तुम्ही देशासाठी गेलात. पण असली माणसं बिल्डिंगमध्ये..." त्याच रविवारी त्या मुलांना घेऊन शिरढोणला जाणार होत्या, इंग्रजांनी पकडून तुरुंगात टाकलेल्या क्रांतिवीराचं जन्मस्थान दाखवायला. मी म्हटलं, "जरूर जा. आणि मुलांना हेही सांगा, की त्यांच्या काळी ते बिल्डिंगमध्ये आले असते तर आपण पोलिसांना कळवलं असतं." पुढे महिनाभर विरजणाची वाटी इकडची तिकडे गेली नाही.

कोर्टाने सोडलं तरी ठाकूर सुटला नव्हता. पनवेलला कुणी मोठा मंत्री येणार असला की पोलीस आदल्या दिवशी 'धोक्याची माणसं' गोळा करून ठाण्यात बसवत आणि मोटारी गेल्या की सोडून देत. त्यात ठाकूर ठरलेलाच. आणि दर खेपेला तो आत असला की वर दळीवर काही ना काही व्हायचं. एकदा कुंपण गेलं, एकदा राबासाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, रचलेला पाला कुणी तरी आधीच पेटवून दिला. योगायोग म्हणा. मी म्हणत नव्हते.

मग त्या वर्षी, होळीनंतर, वाडीत निरोप आला की दळ्यांची मोजणी होणार. सगळ्या डोंगराने कान टवकारले. कित्येक वर्षं मागत होते ते हेच. मोजणीच्या वेळी कसणारा माणूस स्वतः जागेवर उभा राहून हद्दी दाखवेल, तर तुकडा त्याच्या ताब्यात आहे असं लिहिलं जाणार. नसेल तर 'पडीक' लिहून मोजणीदार पुढे जाणार. एकदा पडीक लागलं की कोर्टाची पायरी झिजवत आयुष्य काढायचं. ठाकूर सांगायला आला तेव्हा पहिल्यांदाच मी त्याला भरभर बोलताना पाहिलं.

मोजणीची तारीख आणि मंत्र्यांच्या भूमिपूजनाची तारीख एकच निघाली.

त्या दिवशी सकाळी ठाकराची बायको बराकीत आली. मी शाळेत जाण्याआधी कुलूप उघडायला आले होते, चाचा आणि मावशी आधीच जिन्यावर बसलेले. ती पदराने तोंड पुसत एवढंच म्हणाली, "काल नेला."

"तू उभी राहा ना दळीवर," मी म्हटलं. "तूही कसतेसच की."

"इचारला मी. बाईचा चालत नाय म्हनतात. दळी कसली म्हनून जंगलवाल्यांनी घेतल्याला दंडाच्या जुन्या पावत्या त्याच्या नावाच्या, तर तोच पायजे." मग ती उठली. "मी जातंय वर. हाकलतील. पन मी उटनार नाय." तिने पाणीसुद्धा घेतलं नाही आणि निघून गेली.

वकिलाला बोलावलं. तो म्हणाला, अर्ज करता येईल, पण त्याच्यावर काही होईपर्यंत संध्याकाळ होईल. संध्याकाळी सोडणारच होते, त्याचा काय उपयोग? मग चाचांनी टोपी डोक्यावर चढवली. "इसमें सोचना क्या है? धोक्याची माणसं गोळा करताहेत ना? मग आपण काय शरीफ लोक आहोत? मला तर बुरा लागलं, मला बोलावलंच नाही!"

मी शाळेत रजेचा निरोप धाडला. वाटेत रेल्वेच्या संपात आत गेलेले दोघे जण मिळाले, जमिनीच्या आंदोलनातले चारपाच मिळाले. अशी आमची वरात ठाण्याच्या अंगणात पोचली. ठाकूर आणि आणखी काही जण आतल्या खोलीत असल्याचं खिडकीतून दिसत होतं.

साहेब तरुण होते, चांगले शिकलेले. मला पाहून उठून उभे राहिले. "बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात? तुमच्याबद्दल फार आदर आहे मला."

"आदर राहू द्या," मी म्हटलं. "त्याला सोडा, नाहीतर आम्हालाही आत घ्या. आम्ही सगळे सरकारच्या लेखी धोक्याचे होतो. तो एकटाच का?"

ते हसले. मला हसणं अपेक्षित नव्हतं. शिवी चालली असती. "तुम्ही बाहेर बसा, मी चहा पाठवतो," म्हणाले आणि कागदात डोकं घातलं. ज्याला आपण घाबरत नाही त्याला माणूस चहा पाजतो, हे मला तेव्हा चांगलंच कळलं आणि डोक्यात तिडीक गेली.

आम्ही अंगणात येऊन उभे राहिलो. समोरच्या रस्त्यावर पताका लागलेल्या, बांबूंच्या कमानी, रिक्षावाले कोपऱ्यावर थांबवून ठेवलेले. बंदोबस्तासाठी बाहेरून आलेला एक जमादार आतल्या माणसांना मोजायला अंगणात काढत होता. आम्हाला तो ओळखत नव्हता, आमच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. त्याने आतल्या माणसांना उद्देशून हाळी दिली, "ए, जोडीनं बसा! जोडीनं!"

आणि आम्ही बसलो.

तुरुंगात न गेलेल्याला हे सांगून कळायचं नाही. तिथे सकाळ-संध्याकाळ गिनती होते. 'जोडी' म्हटलं की दोघादोघांनी उकिडवं बसायचं आणि मोजणारा पुढे जाईपर्यंत हलायचं नाही. सवय डोक्यात नसतेच, ती गुडघ्यात असते. माझ्या शेजारी चाचा बसले होते. आमच्यामागे रेल्वेवाले दोघे. काळा कोट घातलेला आमचा वकील, हातात फाईल, मावशीच्या जोडीला उकिडवा. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. भानावर आले तेव्हा पहिल्यांदा रिक्षावाल्यांचं हसू ऐकू आलं. कोपऱ्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील उभे होते. त्यांनी पटकन नजर दुसरीकडे वळवली.

अशी लाज मला तुरुंगातसुद्धा वाटली नव्हती. तिथे निदान जबरदस्ती होती. इथे हुकूम मला नव्हताच आणि तरी मी बसले होते. भाषणं केली, लेख लिहिले, मुलांना स्वातंत्र्य शिकवलं आणि एका परक्या जमादाराच्या दोन शब्दांवर भर रस्त्यासमोर उकिडवी! उठावं म्हणून मी जमिनीला हात टेकला, पण डोळे भरून आल्यामुळे कुणाकडे बघायचं हे कळेना. वकील तर पांढराफटक पडला होता.

तेवढ्यात मागून मावशी म्हणाली, "बसलूच हाव तर बसू. आता उटवाचा नाय."

मी मागे वळून पाहिलं. ती हसत नव्हती. तिने पदर खोचला, पाय नीट रोवले आणि हात गुडघ्यावर ठेवून समोर बघत राहिली. मीही हात उचलला आणि बसून राहिले.

जमादार मोजायला लागला. पुढच्या जोड्या ठाकूर आणि त्याच्यासोबतच्यांच्या, मागच्या आमच्या. त्याने एकदा मोजलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं, पुन्हा मोजलं. आकडा काही केल्या जुळेना. धरून आणलेल्यांपेक्षा माणसं जास्त. कमी भरली तर शोधाशोध करता येते, जास्त भरली तर काय करायचं? तो बिचारा आमच्या रांगेपाशी येऊन काळ्या कोटाकडे बघत उभा राहिला आणि मग साहेबांना बोलवायला पळाला.

साहेब बाहेर आले, या खेपेला न हसता. "हे काय चाललंय? उठा, बाई. प्लीज."

"गिनती पुरी झाल्याशिवाय उठायचं नसतं, साहेब," मी म्हटलं. "आम्हाला सरकारने तसंच शिकवलंय."

"तुम्ही कैदी नाही आहात!"

"मग तोही नाही. त्याला कोर्टाने सोडलंय. आम्हाला सोडलं तसंच."

"जमादार, यांना उठवा." पण जमादार जागचा हलला नाही. म्हाताऱ्या शिंप्याला आणि काळ्या कोटातल्या माणसाला बखोटीला धरून उचलायचं, तेही रस्त्यावर पताका लागलेल्या असताना, हे त्याला झेपणारं नव्हतं. लांबून पहिली शिट्टी ऐकू आली. मंत्र्यांच्या मोटारी याच रस्त्याने जाणार होत्या आणि अंगणाचं फाटक सताड उघडं होतं. साहेबांनी फाटकाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. चाचा अगदी अदबीने म्हणाले, "साहब, आरामात मोजा. आम्हाला घाई नाही. जल्दी तुम्हालाच आहे."

साहेबांनी शेवटी ठाकराला उठवलं. "एक हमी लिहून दे, आज रस्त्यावर येणार नाही म्हणून. आंगठा लाव आणि जा."

मला वाटलं, लावेल. मी त्याच्या जागी असते तर त्या दिवशी लावला असता, दळीचा प्रश्न होता. ठाकूर मात्र कागदाकडे बघायलाही तयार नव्हता. "आंगठा नाय. मी काय केला म्हनून आंगठा? तुमचा मंत्री रस्त्यावर हाय. माजी दळी डोंगरात हाय. मी रस्त्यावर कशाला येतंय?"

शिट्ट्या जवळ आल्या. साहेब दात खाऊन म्हणाले, "जा. सगळेच जा."

"सगळेच म्हनजे हे पन," ठाकूर आपल्याबरोबरच्या माणसांकडे हात करून म्हणाला. ते पण सुटले.

गुडघे सरळ करताना मला चाचांचा आधार घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं, 'शिक्षकाने असं रस्त्यावर बसणं शोभतं का' वगैरे झालं. मी त्यांना म्हटलं, "सर, मी रस्त्यावर नव्हते, ठाण्याच्या अंगणात होते. आणि शोभलं." ते प्रकरण पुढे बरेच महिने चाललं. पण त्या दिवशी त्याचा विचार करायला कुणाला फुरसत होती!

मावशीच्या पुतण्याचा विटांचा टेंपो होता. त्यात मागे उभे राहून आम्ही निघालो, लाल धुळीने माखून. ठाकूर पुढे ड्रायव्हरजवळ बसला नाही, मागे आमच्यातच उभा राहिला आणि सारखा डोंगराकडे बघत होता. टेंपोचा रस्ता संपला तिथून चढण. वकील बूट हातात घेऊन चालला, चाचा दर वळणावर थांबून श्वास घेत आणि शिव्या उर्दूत देत, म्हणजे त्या आम्हाला लागू नयेत. ठाकूर पुढे पळत सुटला.

आम्ही पोचलो तेव्हा मोजणीची साखळी गुंडाळून होत आली होती. मोजणीदार, त्याच्याबरोबरचा कारकून आणि साखळी धरणारे दोघे उतरायच्या तयारीत. हद्दीच्या दगडावर ठाकराची बायको बसली होती. तिला उठवायचा प्रयत्न झाला असावा, बांगड्या फुटून मनगटाला रक्त आलेलं दिसत होतं. ती उठली नव्हती. ठाकूर मोजणीदारासमोर छाती वरखाली करत उभा होता.

"आलू मी. मोजा."

"झाली मोजणी," मोजणीदार म्हणाला. "इथे कुणी नव्हतं."

"मी हाय ना हितं!" बायको दगडावरून ओरडली.

"तुला सांगितलं ना, बाई, तुझं चालत नाही." तो दमलेला होता, वाईट नव्हता. आमची सगळी वरात चढणीवरून एकेक करून वर येताना बघून त्याने कपाळाला हात लावला. वकिलाने धापा टाकत नियम सांगितला, की दिवस मावळेपर्यंत कसणारा आला तर त्याचं म्हणणं घ्यावंच लागतं. मोजणीदाराने आकाशाकडे पाहिलं. ऊन अजून लख्ख होतं. साखळीवाल्यांना त्याने हातानेच 'परत उलगडा' म्हणून सांगितलं.

ठाकराने हद्दी दाखवल्या. दगडाला हात लावून, मग आंब्याच्या खोडाला, मग ओहळाच्या काठाला. साखळी त्याच्यामागून फिरली. सगळं झाल्यावर कारकून म्हणाला, "पंचनाम्याला दोन पंच लागतील. स्वच्छ माणसं. पोलिसात नाव नसलेली."

वाडीतली जमलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्या मारामारीत वाडीतल्या एकूण एक माणसावर गुन्हा होता. कारकुनाने मोठ्या आशेने आमच्याकडे नजर वळवली. माझी नीटस साडी, वकिलाचा कोट. "बाई, तुम्ही शिक्षिका दिसता. तुम्ही करा सही."

"करते की," मी म्हटलं. "पण मी आत जाऊन आलेली आहे. हे वकील पण. हे चाचा पण. इथे वर आलेला एकही माणूस तुमच्या हिशेबाने स्वच्छ नाही."

"मग कसं व्हायचं?"

"आत गेलेला माणूस पंच होऊ शकत नाही असं कुठे लिहिलंय ते दाखवा."

त्याने मोजणीदाराकडे पाहिलं. मोजणीदाराने वकिलाकडे पाहिलं. वकील म्हणाला, "मीही बघायला उत्सुक आहे." असं कुठे लिहिलेलं नव्हतंच. नुसता प्रघात होता. आणि प्रघाताची त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच भीड उरली नव्हती.

पहिली सही मी केली. व्यवसाय म्हणून कारकुनाने 'शिक्षिका' लिहिलं. त्याच्यापुढे मी त्याला 'माजी राजकीय कैदी' असं लिहायला लावलं. तो कां कूं करत होता, तेव्हा चाचांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "लिख, बेटा. इसमें शर्म कैसी? लाज वाटायची ज्यांना, ते खाली भूमिपूजन करताहेत." दुसरी सही करायला मावशी पुढे आली. तिला सही येत नव्हती. तिने आंगठा शाईत बुडवला, एवढा दाबून उमटवला की कागद फाटतो की काय असं वाटलं आणि म्हणाली, "माज्यापुडं पन लिव तेच. जेलात जाऊन आलेली."

"आता वाच," ठाकूर म्हणाला. "काय लिवलंस ते आयकव."

कारकून वाचायला लागला. दिशा, हद्दी, दगड, आंबा, ओहळ. "...सदर तुकड्यात नाचणीची धसकटे दिसून येतात. सदर तुकडा कसणारा इसम मोजणीच्या वेळी जागेवर समक्ष हजर असून..."

"परत वाच. ते शेवटचा."

"सदर तुकडा कसणारा इसम मोजणीच्या वेळी जागेवर समक्ष हजर असून..."

ठाकूर वळला आणि डोंगराकडे तोंड करून उभा राहिला. कारकून कागद घडी करायला लागला, तेव्हा ठाकराची बायको दगडावरून उठली. सकाळपासून पहिल्यांदाच. मनगटावरचं रक्त तिने लुगड्याला पुसलं आणि ती कारकुनासमोर जाऊन उभी राहिली.

"त्याला वाचलंस. आता मला वाच," ती म्हणाली. "सकाळधरनं मी हितं बसलंय ते पन त्यात लिव आणि मंग वाच."

कारकुनाने मोजणीदाराकडे पाहिलं. मोजणीदाराने मान हलवली. कारकुनाने घडी उघडली, पेन काढलं, कागद गुडघ्यावर धरून खाली एक ओळ वाढवली, आणि मग तिच्याकडे तोंड करून, पहिल्यापासून, मोठ्याने वाचायला सुरुवात केली.